एकेचाळीस चुली

टिकारामनं पत्रकांचा गठ्ठा जसा नेला होता तसाच, सुतळीसकट, शोभाताईंच्या टेबलावर आणून ठेवला. वरचं एकच पत्रक तेवढं सुटलेलं होतं. त्यात त्यानं तंबाखू बांधला होता आणि ते लपवायची तसदीही घेतली नव्हती.

"हे नाई चालत, बाई," तो म्हणाला. "कागद पाहून कोनी बाई घरातून निंगत नाई."

शोभाताईंनी गठ्ठा जवळ ओढला. ते पत्रक त्यांनीच लिहिलं होतं आणि कोपऱ्यातलं हरीणही त्यांनीच काढलं होतं. हरीण शेळीसारखं दिसतं, असं शाळेतल्या मुलींनी त्यांना सांगून झालं होतं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'भंडारा जिल्हा वन संवर्धन संमेलन, वर्ष सहावे. बालक व कुटुंब विभाग. सर्वांनी सहकुटुंब यावे.' आणि त्याखाली तारीख, फेब्रुवारी १९८३ ची.

पहिली तीन वर्षं या संमेलनात 'कुटुंब' हा शब्दच नव्हता. मांडव पडायचा, नागपूरहून साहेब यायचे, पुरुष पुरुषांना भाषणं द्यायचे. वणवे थांबले पाहिजेत असा ठराव दर वर्षी एकमतानं मंजूर व्हायचा आणि मार्च उजाडला की रान दर वर्षी पेटायचं. कारण साधं होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि खाली पाचोळा असला की ती दिसत नाहीत. म्हणून बायका झाडाखालचा पाचोळा आधी पेटवून देतात. जमीन स्वच्छ होते, फूल वेचता येतं. एखाद्या दिवशी वारा सुटतो आणि आग झाडाखाली थांबत नाही.

शोभाताई भंडाऱ्याच्या, विणकराच्या घरातल्या. घरात हातमागाची खटखट ऐकत त्या शिकल्या आणि मास्तरीण झाल्या. कुठला धागा कुठे अडकला ते शोधायची सवय त्यांना घरातूनच लागली असावी. संमेलनाच्या चौथ्या वर्षी त्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की काडीपेटी बायकांच्या कमरेला आहे आणि आपण भाषण देतो पुरुषांना. सगळे हसले. मग, नाही म्हणण्यासारखं त्यात काही नाही असं दिसल्यावर, त्यांना मांडवाचा एक कोपरा, एक सतरंजी आणि एक लांबलचक नाव देण्यात आलं. त्या वर्षी कोपऱ्यात सात मुलं आली. त्यातली पाच समितीच्या सभासदांची होती आणि त्यांचा जीव बुंदीत होता. दुसऱ्या वर्षी अकरा आली. शिवाय हरवलेली शेळी शोधत आलेली एक बाई होती, तिला शोभाताईंनी अर्धा तास उठू दिलं नाही. यंदा चिटणीस भय्याजींनी त्यांना हळूच सांगून ठेवलं होतं की या खेपेला पाहू, नाही जमलं तर ती जागा रोपवाटिकेला देऊन टाकू.

भय्याजी म्हणजे भंडाऱ्याचे कापडाचे व्यापारी. वाईट माणूस नव्हे. पण त्यांना रिकामी सतरंजी पाहवत नसे.

टिकाराम आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातला. दोन एकर धान आणि उरलेले दिवस वनखात्यात रोजंदारी. फेब्रुवारीत तो रानात जाळरेषा कापायचा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाला काढून पट्टे मोकळे करायचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये हिरव्या फांद्यांनी झोडपून वणवे विझवायचा. त्याची बायको कौशल्याबाई त्याच दिवसांत आपल्या चार मोहांखाली पाचोळा पेटवायची. एकाच घरातून काडी निघायची आणि त्याच घरातून विझवायला माणूस निघायचा. त्यावरून नवराबायकोत कधी भांडण झालं नव्हतं, कारण दोघांनाही ते आपापलं काम वाटायचं. हे टिकारामनं शोभाताईंना पहिल्या भेटीतच सरळ सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता.

"मग कसं बोलवायचं?" त्यांनी विचारलं.

आमच्या पद्धतीनं बोलावतो, तुम्ही फक्त हो म्हणा, असं तो म्हणाला. शोभाताई हो म्हणाल्या. पद्धत कोणती ते त्यांनी विचारलं नाही. पुढं कोणी म्हटलं असतं की चूक इथं झाली, तर त्यांनी ती मुकाट्यानं आपल्या पदरात घेतली असती.

टिकाराम गावी गेला. त्यानं पितळी वाटीत तांदूळ घेतले, त्यांना हळद लावली आणि दोन दिवस संध्याकाळी तो दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर चार दाणे ठेवून सांगत गेला, "बुधवारी तुमसरले संमेलन हाये. चूलबंद."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. घरातलं झाडून सारं माणूस, म्हातारी, बाळंतीण, पाळण्यातलं लेकरू, सारी बोलावणाऱ्याकडे जेवणार. लग्नात भावकीला असं आमंत्रण जातं आणि ते सांगायला माणसाची छाती लागते. कारण असं सांगून जेवायला घातलं नाही तर सांगणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. त्याच्या घरची सोयरीक करतानाही लोक त्या गोष्टीची आठवण काढतात. पण एका आख्ख्या घराला बोलवायची दुसरी रीत टिकारामला माहीत नव्हती. आणि जेवण असेल का, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. एवढा मांडव पडतो, बाहेर आचारी लागतो, पाहुण्यांच्या पंगती त्यानं पाच वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. माणसं बोलवायची आणि उपाशी पाठवायची, असं करणारं कोणी त्याला अजून भेटलं नव्हतं.

गावातली सगळ्यांत म्हातारी चंद्रभागाबाई. तिनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं आणि तीनदा विचारलं, चूलबंद का साधं? तुमसर-भंडाऱ्याच्या माणसांनी आजवर तिला मतं मागितली होती, अंगठे मागितले होते, जेवायला कोणी बोलावलं नव्हतं. टिकारामनं तीनदा सांगितलं, चूलबंद.

"मंग येतो आमी," ती म्हणाली.

बुधवारी नऊच्या सुमारास तुमसरच्या बाहेर आमराईतल्या मांडवापाशी पहिली बैलबंडी आली. भय्याजी कमानीजवळ पाहुण्यांची यादी घेऊन उभे होते. त्यांना वाटलं कोणी बाजाराला चाललंय. मग दुसरी आली, तिसरी आली. बैलांच्या शिंगांना रंग होता, बायका ठेवणीतली लुगडी नेसल्या होत्या, लेकरांच्या डोक्यांना तेल चोपडलेलं होतं. अठरा बंड्या आल्या. शोभाताईंची सतरंजी पहिल्या दोन बंड्यांतच भरली. मग पाहुण्यांच्या खुर्च्यांखालची सतरंजी ओढून आणली, मग आचाऱ्याकडचं ताडपत्रीचं कापड आणलं, आणि तरी पोरं मांडवाबाहेर आंब्यांच्या मुळ्यांवर बसलेली होती.

शोभाताईंनी झाडांच्या पानांचा खेळ योजला होता. पान दाखवायचं आणि नाव विचारायचं. त्यांनी पंधरा पानं जमवली होती. ती पाच मिनिटांत संपली. मग पोरंच धावत जाऊन पानं आणू लागली आणि शोभाताईंना नावं विचारू लागली. एका सहा-सात वर्षांच्या पोरीनं, तिचं नाव लीला, त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही ज्याला बेहडा म्हणता तो हिरडा आहे. मागं बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शोभाताईही हसल्या. तासभर त्या इतक्या सुखात होत्या की नागपूरचे साहेब आले, हारतुरे झाले, मुख्य मंचावरून भाषणं सुरू झाली, यातलं काही त्यांच्या कानांवर पडलं नाही.

अकरा वाजून गेल्यावर चंद्रभागाबाई उठून त्यांच्याजवळ आली.

"बाई, हात धुवाले पानी कुठं ठेवलं?"

शोभाताईंनी रांजण दाखवला. म्हातारीनं रांजणाकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं.

"पानं बी मांडली नाईत अजून," ती म्हणाली. "घाई नाई आमाले. पन लेकरं सकाळपासून उपाशी हायेत. चूलबंद होतं म्हनून शिळं बी कोनी देल्लं नाई त्याइले."

शोभाताई भंडाऱ्याच्या होत्या. चूलबंद म्हणजे काय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्याजवळ मुलांसाठी एक डबा चिवडा होता. त्या हसून, आत्ता पाहते, असं काहीतरी बोलल्या आणि मांडवाच्या मागच्या बाजूला चालत गेल्या. चालत गेल्या, कारण धावल्या असत्या तर बायकांना कळलं असतं.

टिकाराम आचाऱ्याच्या चुलाणाजवळ लाकडं फोडत होता. आदल्या दिवसापासून तो तिथंच होता, मांडवाचे खांब रोवायला आलेला.  शोभाताईंनी त्याला विचारलं की त्यानं खरोखर असं सांगितलं का, आणि तो हो म्हणाल्यावर त्यांचा आवाज चढला. मला एकदा विचारायचं तरी, असं त्या दोनदा म्हणाल्या. आचारी आधी आपली पातेली आणि मग टिकारामचं तोंड पाहायला लागला. स्वयंपाक दीडशे माणसांचा होता. साहेब, समिती, इतर गावांचे सरपंच, सगळे मिळून.

टिकारामनं कुऱ्हाड खाली ठेवली. त्याच्या ध्यानात काय ते हळूहळू आलं, आणि ते येताना पाहणं शोभाताईंना सोसलं नाही. त्यांनी नजर वळवली.

"बायाइले बोलवाचं, असं तुमी म्हनलं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक होता. "चूल पेटली का बाई घरातून निंगत नाई. आधी रांधन, मंग वाढन, मंग भांडे. इकडे सांज होते. चूल बंद केल्याबिना ते येतेच कशी? मी दुसरं काय सांगू?"

 दोन वर्षं शोभाताई ज्या कोड्यापुढे डोकं धरून बसल्या होत्या ते या माणसानं वाटीभर तांदळांत सोडवलं होतं, आणि आपण त्याच्यावर ओरडलो. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाजेनं अडीचशे माणसं जेवत नाहीत.

तेवढ्यात भय्याजी आले. बंड्या पाहून ते मघापासून खूश होते. शोभाताईंनी सगळं सांगितलं आणि दोष आपल्यावर घेतला. टिकारामनं मध्येच तोंड घालून तो परत आपल्यावर घेतला. भय्याजींनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. त्यांनी दोघांकडेही न बघता एकच गोष्ट विचारली.

"अक्षत ठेवली होती का नुसतं तोंडानं सांगितलं?"

"अक्षत ठेवली," टिकाराम म्हणाला. "एकेचाळीस घरी."

"मग आता बोलण्यासारखं काय उरलं?" भय्याजी म्हणाले. "पहिली पंगत त्यांची. आचारी, डाळीत पाणी घाल. तांदूळ अजून टाक, असतील नसतील ते सगळे."

शोभाताईंनी पाहुण्यांचं काय असं विचारलं. पाहुण्यांचं मी पाहतो, असं म्हणून भय्याजी मंचाकडे गेले. तिथं ते साहेबांच्या कानाशी बराच वेळ वाकले होते. काय सांगितलं ते त्यांनी पुढे कधी नीट कबूल केलं नाही. पण थोड्या वेळानं ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं की या वर्षीपासून कुटुंब विभागाच्या सहभोजनानं संमेलनाचं मुख्य सत्र सुरू होईल आणि मान्यवर स्वतः वाढतील. मान्यवरांना हे त्याच क्षणी कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं.

आंब्याखाली पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. उपवनसंरक्षक पदाचे एक उंच साहेब पायांतले बूट काढून मोजे घातलेल्या पायांनी वरणाची बादली घेऊन फिरले. आधी ते पानाच्या फार लांब उभे राहून ओतत. चंद्रभागाबाईनं त्यांना वाकायला सांगितलं तेव्हा ते वाकले, आणि मग त्यांना ते जमायला लागलं. वरण पातळ होतं, वांग्याची भाजी शेवटच्या ओळीपर्यंत पोचता पोचता नुसता रस्सा झाली, पण भात कुणाला कमी पडला नाही. लेकरांना बुंदी दोनदा मिळाली. टिकाराम पाण्याचा तांब्या घेऊन ओळींतून फिरत होता आणि प्रत्येक पानाकडे वाकून बघत होता. पान स्वच्छ झालं की त्याच्या छातीवरचा एकेक दगड उतरत असावा. दुसरी पंगत उठली तेव्हा त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यात बराच वेळ तोंड पुसलं.

जेवणं झाली. बायकांनी हात धुतले, सुपाऱ्या फोडल्या आणि त्या पुन्हा मांडवात येऊन बसल्या.

"आता सांग बाई, काय म्हनत होती," चंद्रभागाबाई शोभाताईंना म्हणाली. "आमी ऐकतो."

शोभाताईंजवळ वणव्यांवरचं चार पानी भाषण होतं. त्यांनी ते पिशवीतून काढलंच नाही. तुम्ही पाचोळा का पेटवता, असं त्यांनी सरळ विचारून टाकलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण आजवर हे पेटवू नका असं सांगणारे पुष्कळ आले होते, का पेटवता असं कुणी विचारलं नव्हतं. शेवटी रुखमा नावाची एक तरणी सून बोलली. ती म्हणाली की झाडून घ्यायचं ठरवलं तर एका मोहाखाली आख्खी सकाळ जाते. काडी लावली की पाण्याची घागर भरून येईस्तो जमीन साफ. फुलं वेचून उन्हाच्या आत घरी पोचावं लागतं. घरी चूल थंड असते आणि माणसं बसलेली असतात.

"दोन घरच्या बायांनी मिळून झाडलं तर?" शोभाताईंनी विचारलं.

"होते ना," चंद्रभागाबाई म्हणाली. "दोन घरच्या मिळून झाडल्या तं होते. पन मंग दोन्ही घरी रांधते कोन?"

मांडवाच्या मागच्या बाजूला आंबागडचे पुरुष उभे होते. त्यांतल्या कुणी खांबाकडे पाहिलं, कुणी बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून बाहेर गेलं. मंचावर भय्याजी ठरावाची वही उघडून बसले होते. त्यात काय लिहावं ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी टोपण पेनाला लावलं आणि नुसतं ऐकत राहिले. शोभाताईंनाही उत्तर माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. मास्तरणीला एखादी गोष्ट येत नाही हे ऐकून पोरांना फार गंमत वाटली.

दुपार कलली. बंड्या जुंपायला सुरुवात झाली. आचाऱ्यानं पातेली उपडी घातली तेव्हा कळलं की साहेबलोक, समिती आणि आचारी स्वतः, मिळून पस्तीस-चाळीस माणसं जेवायची राहिली आहेत. भय्याजींनी बाजारात चहा आणि पाव आणायला माणूस पाठवला. साहेब म्हणाले, चालेल. पण ते म्हणताना त्यांनी पोटावर हात ठेवला होता.

तेव्हा आंबागडच्या रस्त्यानं आणखी एक बंडी आली. ती परत निघालेल्या बंड्यांच्या उलट्या दिशेनं येत होती, म्हणून सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. बैल हाकत होती कौशल्याबाई. एकटीच. मागं गवताच्या पेंढ्यांत बसवलेली लग्नात भात शिजवायची दोन मोठी गंजं होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेली.

टिकाराम पुढे धावला आणि त्यानं बैलांच्या वेसणी धरल्या. कौशल्याबाई खाली उतरली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि लुगड्यावर राख होती. ठेवणीतलं लुगडं ती नेसलीच नव्हती.

"सारे जेवले?" तिनं विचारलं.

"जेवले."

"पोटभर?"

"हो. तू काहून आली वं, अशी?"

 हात लांब करून तिनं बंडीच्या चाकाचा आधार घेतला. मग म्हणाली की शहरातल्या लोकांचा काही नेम नाही, चुरमुरे देऊन पाठवतील, असं तिला आदल्या दिवशीच वाटलं होतं. गाव पहाटे निघून गेल्यावर तिनं घरातले तांदूळ काढले, गंजं मागून आणली होतीच, आणि एकटीनं जेवढं होईल तेवढं रांधलं. एवढ्यानं गाव जेवलं नसतं हे तिलाही कळत होतं. निदान लेकरं जेवली असती.

 आनंद झाला म्हणजे टिकारामला रागावल्यासारखं बोलायची सवय होती.

"मंग बाकीच्यासंगं येता नाई आलं तुले? साऱ्या बाया आल्या गावच्या."

"मले कोनी अक्षत देल्ली?" कासरा जुवाला गुंडाळता गुंडाळता कौशल्याबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "साऱ्या गावात एकच चूल बंद नोती. म्हनून तं पेटवली."

शोभाताई तीन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी टिकारामकडे पाहिलं नाही. तो मनातल्या मनात आपल्या गल्लीतून चालत जात असणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक उंबरा आठवत. घरातल्याच माणसाला आमंत्रण द्यायचं असतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शोभाताईंच्याही आलं नव्हतं. त्यांनी ज्याच्या हाती कुटुंबाचं बोलावणं दिलं होतं त्याच्या घरात कोण आहे, हे त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि याचं त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं.

भय्याजींनी गंजांवरची फडकी स्वतः सोडली. भात अजून कोमट होता. दुसऱ्या गंजात लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण होतं, वर तेलाचा तवंग आणि लाल मिरच्या. पाव आणायला गेलेल्या माणसाची कुणी वाट पाहिली नाही. उंच साहेब, समिती आणि आचारी एकाच ओळीत बसले आणि टिकारामनं वाढलं. साहेबांनी तीनदा भात घेतला.  

पंगत उठल्यावर शोभाताईंनी तीन पत्रावळी मांडल्या. एक स्वतःला, एक टिकारामला, एक कौशल्याबाईला. कौशल्याबाई बसेना. तुम्ही बसा, मी वाढते, मागून जेवते, असं ती म्हणत राहिली आणि भाताचा वाडगा हातात घट्ट धरून उभी राहिली. टिकारामनं तो तिच्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, नुसता धरून उभा राहिला, आणि तिनं सोडला.

ती पानावर बसली, पण कडेला, उठायला सोपं जावं अशी. टिकारामनं गंजात वाडगा घातला आणि तिच्या पानावर भात टाकला. मग थांबला. मघाशी चाळीस माणसांना वाढताना त्याचा हात कुठं अडला नव्हता. माणसाकडे पाहून त्याला अंदाज येत होता. आता वाडगा हवेत धरून तो नुसता उभा होता. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. ती रोज मागून जेवायची, चुलीकडे तोंड करून, आणि तोवर तो हात धुऊन ओसरीवर गेलेला असायचा.

"किती वाढू?" त्यानं विचारलं.

कौशल्याबाईनं पानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिलाही एकदम सांगता येईना.